बेडकांचं पाणी

॥ श्री ॥

विश्रामबाग, सांगली
८ जुलै २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागल्याचं बाबांकडून कळलं, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. फोनवर मी घसा फोडायचा आणि आपल्या घरातल्या बातम्या गल्लीला कळायच्या, त्यापेक्षा हे बरं.

मुकुल नागपूरला रुजू झाला. वर्षभर तरी बदली टळत नाही. बाबा दिसत नाही म्हणून अश्लेषा रडेल, या धास्तीनं त्यानं जायच्या आधी तिला काचेची टाकी आणून दिली. छोटीच आहे, दिवाणखान्यातल्या कपाटावर मावते. त्यात निळ्या रेघांचे चिमुकले मासे आहेत आणि, हसू नकोस, दोन बेडूक आहेत. अंगठ्याएवढेच, आफ्रिकेकडच्या जातीचे. ते जन्मभर पाण्यातच राहतात. श्वासापुरतं सुळकन वर यायचं आणि पुन्हा तळाशी जाऊन बसायचं. अशूनं त्यांची नावं गुंडा आणि अर्जुना ठेवली आहेत. त्यांना फार कमी दिसतं, त्यामुळे मासे त्यांचा घास पळवतात. मग मी लांब चिमट्यानं एकेक अळी त्यांच्या तोंडापुढे धरते. गुंडा ती घेतो आणि अर्जुना अळी समजून गुंडाचा पाय धरतो. त्या गोठवलेल्या अळ्या फ्रिजमध्ये बर्फाच्या मागे एका डबीत आहेत, हे मामंजींना म्हणजे अण्णांना ठाऊक नाही. चातुर्मासात कांदा न चालणारं आपलं घर!

दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी बदलावं लागतं. बादलीभर पाणी मोरीत जाताना बघून अण्णा हळहळतात. त्यात सासूबाईंची तुळस त्या गेल्यापासून सुकत चालली आहे. सकाळी अण्णा तिच्यापाशी उभे राहतात आणि मग नाश्त्याला नको म्हणतात. अशूला खोकला आहे, बाकी क्षेम. तुझी माया आहेच, ती अशीच पाठीशी राहू दे.

तुझी,
भार्गवी

॥ श्री ॥

सातारा
१३ जुलै २०२४

चि. सौ. भार्गवीस,
अ. उ. आ.

नवरा नागपूरला गेला आणि घरात बेडूक आले. या अदलाबदलीत फायदा कुणाचा झाला ते मी सांगत नाही, जावयांच्या कानावर जायचं. तुझे बाबा मात्र हरखले आहेत. बेडूक मासे खातील का, याची चौकशी त्यांनी मोबाइलवर केली. इतके लहान बेडूक काही करत नाहीत, झाकण तेवढं घट्ट ठेव, नाहीतर उडी मारून सोफ्याखाली वाळून मरतील, असा निरोप आहे.

आणि अगं वेडे, ते पाणी मोरीत कसली ओततेस? माशांचं पाणी म्हणजे फुकटचं खत. आमच्या शेजारी त्याच पाण्यावर जास्वंद अशी फुलली आहे की देवांना जागा पुरत नाही. तुळशीला घाल, महिन्यात पालवेल. अण्णा सोवळ्याचं काढतील, तर त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, की ज्या कृष्णेच्या पाण्यानं ते देवांना अंघोळ घालतात, तिच्यातले मासे आणि बेडूक कुणी बाहेर काढले आहेत का? आम्ही माहुलीच्या संगमावर ओंजळीनं तेच पाणी पीत वाढलो. विहीणबाईंची तुळस वाचली तर थोडं पुण्य मलाही मिळेल.

अशूला खोकल्यावर रोज सकाळी तुळशीच्या पानांचा रस मधातून चाटव. काढा करत बसू नकोस, उकळलं की अर्धा गुण वाफेबरोबर जातो आणि पोरगी तोंडात धरत नाही ते वेगळंच.

बाळीला गोड पापा. आमचं चित्त तुमच्यापाशी आहे हे विसरू नये.

तुझी आई,
विनोदिनी

॥ श्री ॥

सांगली
१२ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला सांगितलंच असेल, पण सगळं सांगितलं नसेल. अशूला गेल्या आठवड्यात एकाएकी फणफणून ताप आला आणि जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. मी हाक मारली तर ती माझ्याकडे बघेना. रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसले तेव्हा तिचं डोकं माझ्या हातावर नुसतं लोळत होतं. आई, मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. दवाखान्यात सलाइन लावली, दोन दिवसांनी घरी आणली. डॉक्टरीणबाईंनी बाहेरचं काही खाल्लं का, असं विचारलं. नदी चढली आहे, नळाला गढूळ पाणी येतं आहे, निम्म्या सांगलीची पोटं बिघडली आहेत, त्यातलंच हे असेल असं म्हणाल्या. आता मी पाणी वीस मिनिटं उकळते, मग दुहेरी फडक्यानं गाळते.

एक चांगली बातमीही आहे. तुळस पालवली! तुझा कृष्णेचा मुद्दा अण्णांना इतका पटला, की आता ती बादली ते मला उचलूही देत नाहीत. स्वतः तांब्या घेऊन तिला वरून, पानांवरून न्हाऊ घालतात. सासूबाईंच्या हातची तुळस परत आली, म्हणून परवा त्यांचे डोळे भरून आले. पूजा झाली की तीर्थात एक कोवळं पान घालून ते अशूला देतात. रस मी चाटवतेच आहे, खोकला खरंच कमी आहे.

मुकुलला सुट्टी मिळाली नाही. तू जवळ असतीस तर बरं झालं असतं. आशीर्वादाचा हात असू दे.

तुझी,
भार्गवी

॥ श्री ॥

सातारा
१७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. भार्गवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाबांनी मला नुसतं पोट बिघडलंय असं सांगितलं होतं. या माणसाला बातमी सांगायला बसवलं की आग लागली तरी जरा उकडतंय म्हणतील.

माझा संशय त्या बेडकांवर आहे. पोरगी टाकीत हात घालत असणार. बाबा म्हणतात, अशा प्राण्यांच्या अंगावर जंतू असतात, हात साबणानं धुवायला हवेत. मी म्हणते, धुवायचे कशाला, काढूनच टाका. पण बापानं जाताना दिलेली वस्तू, हेही कळतं मला. निदान तिला लांब ठेव.

औंधच्या यमाईला मी बोलले आहे, पोर धडधाकट झाली की ओटी भरायला तिला घेऊन येते. तिन्हीसांजेला मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ. शिकलेली आहेस म्हणून लाजू नकोस, शिकलेल्यांच्या पोरांनाही लागते. आणि तुळशीचा रस सोडू नकोस, आता तर दोन पानं जास्तच घे. आजारातून उठलेल्या पोराला त्याच्यासारखं दुसरं बळ नाही.

अधिक काय लिहू? जीव टांगणीला लागला आहे. दोन ओळी का होईना, लगेच पाठव.

तुझी आई,
विनोदिनी

॥ श्री ॥

सांगली
१४ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती बसले आणि अशू पुन्हा आजारी पडली. या वेळी शौचातून रक्त गेलं. घरात मी आणि भांडीवाल्या भामाबाई, दोघीच होतो. कपडा हातात घेऊन तशीच उभी राहिले. भामाबाई भांडी टाकून धावल्या, त्यांनीच पोरीला उचललं.

तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. डॉक्टरीणबाईंनी घरात कासव, बेडूक असं काही आहे का, असं थेट विचारलं. तू म्हणत होतीस तेच. मुकुल फोनवर ओरडला की आजच्या आज फेकून दे. पण दुकानदार परत घेत नाही आणि परदेशी जीव नदीत सोडायचे नाहीत, असं डॉक्टरांनीच बजावलं. शेवटी टाकी मागच्या पडवीत उंच फळीवर नेली आणि झाकणाला चाप लावले. अशू आता फक्त दारातून बघते. हातमोजे घालून मीच सगळं करते. अळ्यांची डबी फ्रिजमधून गेली. त्या निमित्तानं ती अण्णांनाही कळली. टाकीचं पाणी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात अजिबात ओतू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यामुळे आता एक थेंबही घरात सांडत नाही, सगळं पाणी अण्णांच्या हातानं बाहेर अंगणात जातं.

भामाबाईंचं म्हणणं, पोरीला लय वाईट नजर लागलीया, गाव सोडल्याबिगर उतरायची न्हाई. मला हसू आलं नाही. तिच्या मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकते. अण्णांचंही पोट नरम असतं, पण विचारलं की वयामुळे म्हणतात. बाबांना पाठव आणि अशूला थोडे दिवस घेऊन जा. मला माझ्याच घराची भीती वाटते आहे. तुमच्याशिवाय कुणाचा आधार नाही.

तुझी,
भार्गवी

॥ श्री ॥

सातारा
३० सप्टेंबर २०२४

चि. सौ. भार्गवीस,
अ. उ. आ.

आता जरा हस बघू. तुझी लेक इथे आल्यापासून एकदाही तापलेली नाही. आल्या आल्या पहिले दोन दिवस मांजरासारखी माझ्या पदरात होती, आता घर डोक्यावर घेते. गालही वर आले आहेत. मेतकूट-भात दोनदा मागून खाते. साताऱ्याची हवा, दुसरं काय! तुमच्या सांगलीत नुसती दमट हवा आणि डास.

तिला तुझी आठवण येते, पण त्याहून जास्त गुंडाची येते. रोज सकाळी माझ्याबरोबर तुळशीला पाणी घालते. परवा तिनं मला फटकारलं, की इथल्या तुळशीला बेडकांचं पाणी का देत नाही, अण्णांची तुळस बघ केवढी आहे. आमच्याकडे बेडूक नाहीत बाई, असं म्हटल्यावर तिला माझी फार कीव आली. पानांचा रस इथेही रोज देते, विनातक्रार चाटते.

बाबा तिला दसऱ्याला घेऊन येतील. अगं, लेकीपासून किती दिवस दूर राहशील? घाबरून घर चालत नाही. आता तिला काही होत नाही, ही विनोदिनीबाईंची हमी समज. वडीलधाऱ्यांच्या शब्दावर भरवसा ठेवावा.

तुझी आई,
विनोदिनी

॥ श्री ॥

सातारा
१९ ऑक्टोबर २०२४

चि. भार्गवी,
आशीर्वाद.

हे पत्र बाबांच्या हाती देते आहे, ते पहिल्या गाडीनं निघत आहेत. त्यांनी फोनवर तुला तुळस बंद कर एवढंच सांगितलं, कारण अण्णा तुझ्या शेजारी उभे होते. कारण इथे लिहिते. एकटीनं वाच.

जंतू रक्तात गेला, पोरीला अतिदक्षता विभागात ठेवलं, हे बाबांनी मला पाटीवर लिहून दाखवलं. मी त्यांना म्हटलं, इथे ती तीन आठवडे बरी होती, तिथे जाऊन आठवडा झाला नाही. इथे नाही असं तिथे तिच्या पोटात काय जातं? दूध तेच, पाणी उकळलेलं, भातही तसाच. आम्हाला काही सापडेना. मग दिवेलागण झाली म्हणून तुळशीपाशी गेले आणि तिचं बोलणं आठवलं. अण्णांची तुळस बेडकांचं पाणी पिते. माझी पीत नाही.

भार्गवी, तू टाकी हलवलीस, हातमोजे घातलेस, मोरी जपलीस, आणि ते पाणी रोजच्या पानांवरून ओतलं जात होतं. तीच पानं तीर्थात घातली, तीच ठेचून मधातून दिली. आणि हे दोन्ही तुला सांगणारी मी. पाणी तुळशीला घाल असंही मीच लिहिलं आणि रस कच्चाच दे असंही मीच. पोर आजारी पडली तेव्हा पानं वाढव म्हणाले. एका हातानं विष कालवलं आणि दुसऱ्या हातानं तेच औषध म्हणून पाजलं. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. कुणाचं देवाशी काही चुकलं तर प्रायश्चित्त असतं, याला काय आहे?

डॉक्टरांना लगेच सांग, पानं तपासायला दे. पण अण्णांना कळू देऊ नकोस. त्यांनी रोज स्वतःच्या हातानं दिलं आहे. पंच्याहत्तरीचा माणूस, मोडून पडेल. काही विचारलं तर आईनं भलतंसलतं शिकवलं म्हणून सांग, सगळा दोष माझ्या नावावर घाल. माझा जीव तुझ्या लेकीच्या उशाशी आहे.

आई

॥ श्री ॥

सांगली
१० नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अशू घरी आली हे तुला कळलंच आहे. आज सविस्तर लिहिते. पानांवर तोच जंतू निघाला. तू वेळेवर सांगितलं नसतंस तर मी दवाखान्यातून आणल्यावर तिला पुन्हा तेच दिलं असतं, तेही चार पानं जास्त घालून. म्हणून तू स्वतःला शिव्या देणं थांबव. कृष्णेचा मुद्दा मलाही पटला होता. आणि बेडकांचं तरी काय चुकलं? ते त्यांच्या पाण्यात होते. मुकुल आठवड्याची रजा काढून आला होता, त्यानं टाकी त्याच्या मित्राकडे पोचवली. अशू फाटकापर्यंत रडत गेली.

अण्णांना मी काही सांगितलं नाही, पण उपयोग झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. अण्णांच्याही पोटात तोच जंतू होता. ऑगस्टपासून त्यांचं पोट दुखत होतं, माझ्यावर आणखी भार नको म्हणून ते लपवत होते. बाईंनी त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. मी मध्ये बोलायला गेले तर अण्णांनीच हातानं थांबवलं. त्यांनी एकच विचारलं, की रोज एक पळी दिली तरी जंतू पोटात जातो का? बाई हो म्हणाल्या.

मी दवाखान्यातच होते, पुढचं भामाबाईंनी सांगितलं. अण्णा घरी येऊन बराच वेळ वृंदावनापाशी बसले आणि मग त्यांनी तुळस दोन्ही हातांनी मुळासकट उपटली. आवं अण्णा, आसं करू नगा, पाप लागंल, म्हणून भामाबाईंनी पाय धरले. अण्णा म्हणाले, ते लागून झालंय. सासूबाईंनी लावलेलं रोप होतं ते, आई. आता गल्लीत तुळशीच्या लग्नासाठी सगळ्यांची वृंदावनं रंगवून झाली आहेत, आमचं कोरडं आहे.

अशू घरी आल्यापासून अण्णांनी तिला हात लावला नव्हता. देवघराचं दार लावून पूजा करायचे, जेवायला वेगळे बसायचे, हात सतत मांडीखाली. ती गळ्यात पडायला आली की उठून जायचे. मला त्यांची भीती वाटायला लागली, की हा माणूस जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. आणि खरं सांगू? ते तिला जवळ घेत नाहीत, याचं मला बरंही वाटत होतं. तुझ्याखेरीज कुणाला लिहिणार हे!

काल सकाळी अशूनं देवघराचं दार ढकललं. अण्णांना हाताला धरून बेसिनपाशी नेलं, स्वतः स्टुलावर चढली आणि दवाखान्यातल्या सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे त्यांचे हात धुवायला लागली. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख. वीसपर्यंत आकडे म्हणत, मधले दोन-तीन गाळत. ते हात पुढे करून उभे होते, जणू तेच लहान आहेत. मग तिनं फ्रॉकला त्यांचे हात पुसले, देवघरात नेलं आणि उजवा तळवा पुढे केला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पंचपात्रीतलं पाणी उकळून गार केलेलं होतं, मीच भरून ठेवलं होतं. त्यात पान नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी माझे पाय पुढे गेले. तिचा हात झटकून टाकावासा वाटला. मी चौकट घट्ट धरून उभी राहिले. माझ्याकडून एवढंच झालं. पळी तिच्या तळव्यापर्यंत नेताना निम्मं पाणी फरशीवर सांडलं. उरलेलं ती प्यायली, ओला हात केसांवरून फिरवला आणि अजून मागितलं. तेव्हा अण्णा त्या ओल्या फरशीवरच बसले आणि मोठ्यानं रडले. धुताना आपण जोरात घासलं म्हणून ते रडताहेत असं तिला वाटलं. ती त्यांच्या बोटांवर फुंकर घालत बसली.

कालपासून मी तिच्या कपाळाला सारखा हात लावते आहे. ताप नाही. हे लिहितानाही मध्येच उठून लावून आले. नाही. तू यमाईचं बोललीस ते लवकर करू. तोवर आम्हा तिघांना आशीर्वादात असू दे, आणि आधी अण्णांना.

तुझी,
भार्गवी